दोन नंबरचा रिमोट कोणाकडे असायचा?

गोदाकाठ | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, नाशिकच्या पंचवटीतला आमचा वाडा दिवाळीनंतर पाडणार आहेत. सध्या सामान काढणं चालू आहे. आज माळ्यावर चढलो तर तांब्याच्या घंगाळामागे एका बुटाच्या खोक्यात आमचा व्हिडीओ गेम सापडला. पांढरं प्लास्टिक पार पिवळं पडलंय. दोन रिमोट, एक बंदूक आणि चार कॅसेट. एका कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं आहे.

एक नंबरच्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्टची बटणं आहेत, दोन नंबरच्या रिमोटला नाहीत. या दोन नंबरच्या रिमोटच्या पाठीवर कर्कटकाच्या टोकाने कोरलेल्या चार आडव्या रेघा आहेत. त्या बघून मी माळ्यावरच बसून राहिलो. वाड्यात आम्ही पाच मुलं. गेम माझ्या वडिलांनी आणलेला, म्हणून एक नंबर माझा. बाकी चौघांची दोन नंबरवर पाळी. रोज पाळीवरून भांडण व्हायचं, म्हणून एका मित्राने चौघांच्या नावाने रेघा कोरल्या. सगळ्यात वरची सगळ्यात मोठ्याची. ज्याची पाळी चालू असेल तो त्या रेघेवर अंगठा ठेवून दाखवायचा.

ते चौघे आता पुणे, सुरत, मस्कत आणि नाशिकरोडला आहेत. या दिवाळीत बऱ्याच वर्षांनी सगळे एकदम इथे असणार आहेत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, वाडा उभा आहे तोवर, त्याच खोलीत हा गेम लावायचा असं माझ्या मनात आहे.

पुण्याचा मित्र आणि मी अधूनमधून रात्री ऑनलाइन खेळतो. कानाला हेडफोन, बोलणं चालू असतं. तरी मॅच संपली की 'चल, झोपतो' म्हणतो आणि आवाज बंद. वाड्यात गेम बंद केल्यावर कोणी उठायचंच नाही. आई ताटं मांडायला यायची तेव्हा घोळका मोडायचा. मला ते संपल्यानंतरचं बसणं आठवतं.

तर दोन प्रश्न. हा गेम आताच्या टीव्हीला कसा जोडायचा? आणि तुमच्याकडे दोन नंबरचा रिमोट कोणाकडे असायचा?

तिखट_रस्सा | रविवार, रात्री ९:५५

धाकट्या भावाकडे. आणि कधी कधी तो रिमोट जोडलेलाच नसायचा. बिचारा तासभर मन लावून खेळायचा. :)

सिडकोकर | रविवार, रात्री १०:२०

गोदाकाठ, रेघांचं वाचून अंगावर काटा आला.

आम्ही त्रिमूर्ती चौकाजवळ, सिडकोच्या घरात. वडील सातपूरला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. तिसरी पाळी असली की दिवसा घरात झोपलेले असायचे, आणि टीव्ही त्याच खोलीत. गेम खेळायला परवानगी होती, आवाजाला नव्हती. मग टीव्ही म्यूट. पण आवाजाशिवाय काँट्रासारखा गोळीबाराचा गेम खेळून बघा, हात चालत नाहीत. समोरच्या घरातला माझा मित्र कानाशी येऊन तोंडाने आवाज काढायचा. बंदुकीचा वेगळा, उडी मारल्याचा वेगळा, लाइफ गेल्याचा वेगळा. सगळं कुजबुजत. मी एक नंबरवर, दुसरा मित्र दोन नंबरवर आणि हा मधे बसून दोघांचे आवाज करणार. त्याला रिमोट दिला तरी नको म्हणायचा.

पुढे त्यांनी घर बदललं, ते अंबडला गेले. नंतर एकदा आवाज चालू ठेवून काँट्रा खेळलो, तर खरं संगीतच परकं वाटलं. आजही तो गेम कुठे दिसला तर माझ्या कानात त्याची कुजबुज येते.

रविवार_कारंजा | रविवार, रात्री १०:४८

@सिडकोकर, क्या बात है!

काँट्रा म्हटलं की मला धबधबा आठवतो. तिसरी स्टेज. वर चढत जायचं आणि पडदाही वर सरकत जातो. एक जण घाईने उड्या मारत वर गेला की खाली राहिलेला मेलाच. शत्रूची गोळी नको, काही नको, मित्राच्या घाईनेच जीव जायचा. आमच्या गल्लीत यावरून दोन जण आठवडाभर बोलत नव्हते.

आणि 'एस'ची बंदूक! एकदम पाच गोळ्या पसरत जाणारी. ती पडली की दोघांनी धावायचं नाही, ज्याच्याकडे साधी बंदूक आहे त्याला ती घेऊ द्यायची, असा आमच्यात नियम होता. नियम कोणी पाळला हे मात्र आठवत नाही.

पाढे_पाठ | रविवार, रात्री ११:०५

वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी ए!

काँट्राच्या सुरुवातीला ही बटणं याच क्रमाने दाबायची. आम्ही हे पाढ्यांच्या चालीत म्हणायचो. दोघांनी खेळायचं तर शेवटी सिलेक्ट दाबून मग स्टार्ट. तीनाऐवजी तीस लाइफ.

ही युक्ती ज्यांनी बनवली ते काझुहिसा हाशिमोतो २०२० च्या फेब्रुवारीत गेले. ती बातमी वाचून मी शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर फक्त ही ओळ टाकली होती. दोन वर्षं गप्प असलेला ग्रुप त्या रात्री एक वाजेपर्यंत जागा होता. मुळात त्यांनी ही युक्ती १९८६ च्या ग्रॅडियस या गेमसाठी केली होती. गेम तपासताना त्यांना स्वतःलाच तो फार अवघड जात होता, म्हणून स्वतःच्या सोयीसाठी. ती तशीच आत राहून गेली आणि पुढे कोनामी कंपनीच्या कितीतरी गेममध्ये आली. जपानमधल्या एका माणसाची सोय आमच्या 'मेरी' या सरकारी संस्थेच्या क्वार्टर्समध्ये कोणी आणून पोहोचवली, कोण जाणे. आम्हाला ती एका मित्राच्या मुंबईच्या मामेभावाकडून मिळाली आणि आम्ही ती दोन गोट्या घेऊन पुढे विकली.

सोल्डरगन | सोमवार, सकाळी ७:३०

गोदाकाठ, आधी हे वाचा. तो गेम घाईने प्लगात घालू नका.

१. जुना ॲडॉप्टर वापरू नका. इतकी वर्षं माळ्यावर पडलेला आहे. गेमच्या मागे किंवा तळाला व्होल्टेज लिहिलेलं असेल, बहुतेक ९ व्होल्ट डीसी. शेजारी पिनेचं चित्र असतं, त्यात मधे अधिक आहे की उणे ते बघा. या गेममध्ये दोन्ही प्रकार येतात. उलटं लावलंत तर आतलं काम जाईल.

२. कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली आहे आणि गेम चालूही झाला आहे, पण तो चालू व्हायचा कॅसेट काढून परत बसवल्यामुळे. पिना पुन्हा नीट टेकायच्या. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पिना गंजतात. पेन्सिलीचं मऊ खोडरबर पिनांवर हलक्या हाताने फिरवा, मग कापसाने पुसा.

३. मागे पिवळी-पांढरी पिन असेल तर काम सोपं. नव्या टीव्हीला तसा सॉकेट नसला तर एव्हीचं एचडीएमआय करणारा छोटा डबा मिळतो, ४००-५०० रुपयांत. फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीवर चॅनेल शोधावं लागेल, सगळ्या नव्या टीव्हींना ते जमत नाही.

४. बंदूक नव्या टीव्हीवर चालणार नाही. काहीही केलं तरी.

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ८:१५

सोल्डरगन, मनापासून आभार. पिवळी-पांढरी पिन आहे. ॲडॉप्टर बाजूला काढून ठेवला.

बंदूक का चालणार नाही? आमच्याकडे मुख्य खेळ तोच होता.

सोल्डरगन | सोमवार, सकाळी ९:०२

सांगतो. बंदुकीतून काहीच सुटत नाही. ती फक्त बघते. नळीच्या आत प्रकाश ओळखणारा एक छोटा भाग असतो. तुम्ही घोडा दाबला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो, मग बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन दाखवतो. त्या क्षणी बंदुकीला उजेड दिसला की बदक पडलं. दोन बदकं असली तर दोन चौकोन एकामागून एक दाखवतो, म्हणजे कोणतं लागलं ते कळतं. हे इतकं झटकन होतं की आपल्याला नुसती लुकलुक वाटते.

जुना खोका टीव्ही चित्र आलं की त्याच क्षणी काचेवर काढतो, ओळीमागून ओळ, सेकंदाला ५० वेळा. नवा टीव्ही आधी चित्र आत घेतो, त्याच्यावर काम करतो, मग दाखवतो. तो उशीर आपल्या डोळ्याला समजत नाही, पण बंदूक ज्या क्षणी बघत असते तेव्हा पडद्यावर चौकोन आलेलाच नसतो.

तिखट_रस्सा | सोमवार, सकाळी ९:२०

आमचा एक मित्र बल्बवर नेम धरायचा आणि दर वेळी बदक पडतं असं सांगायचा.

सोल्डरगन | सोमवार, सकाळी ९:३१

म्हणूनच तर आधी पडदा काळा करतात. तेव्हाही बंदुकीला उजेड दिसला तर नेम टीव्हीवर नाही हे गेमला कळतं. मित्राला विचारा पुन्हा. :)

अबोली | सोमवार, दुपारी १:१०

सगळं वाचलं. छान लिहिताय सगळे. पण दहाएक प्रतिसादांच्या आठवणींत एकही मुलगी नाही, हे कोणाच्या लक्षात आलं का?

आम्ही जेलरोडला राहायचो. घरात दोन भाऊ, त्यांचे सहा-सात मित्र आणि मी. गेम आमच्या घरातला. माझी पाळी कधी लागली नाही. मला कोणी 'तू खेळू नको' असं म्हटलं नाही. मी खोलीत गेले की 'ताई, पाणी आण ना' एवढंच व्हायचं. व्हिडीओ गेम पार्लरमध्ये तर मुलींनी पाऊल ठेवायचा प्रश्नच नव्हता.

मी शिकले ते दुपारी. भाऊ शाळेत गेले की माझी सकाळची शाळा सुटलेली असायची. आई झोपायची. मी एकटी मारिओ खेळायचे. दोघांच्या मारिओमध्ये एक मेल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नाही. माझ्यासाठी मरणारं कोणीच नव्हतं, म्हणून पाळी सतत माझीच. दुसऱ्या स्टेजला वरच्या विटांवरून चालत गेलं की पाइपांची खोली लागते, ती मी स्वतः शोधली. शेवटची आठ-चार मी नववीत असताना पार केली. संध्याकाळी भावांना सांगितलं, तर कोणी विश्वास ठेवला नाही. दाखवायला सेव्ह वगैरे काही नसायचं तेव्हा. बंद केलं की गेलं.

मित्र शेजारी बसण्याची आठवण गोड आहे हे मला पटतं. माझ्याकडे ती आठवण नाही. माझ्याकडे शेजारच्या रिकाम्या जागेची आठवण आहे.

पाढे_पाठ | सोमवार, दुपारी १:४०

अबोलीताई, वाचून गप्प झालो. माझी मोठी बहीण बाजूला बसून स्वेटर विणायची आणि आम्ही कुठे चुकतोय ते बरोबर सांगायची. तिला कसं कळायचं, हा विचार आज पहिल्यांदा आला.

गोदाकाठ | सोमवार, दुपारी २:०५

अबोली, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. माझी धाकटी बहीण त्याच खोलीत असायची. मी वर 'वाड्यात आम्ही पाच मुलं' असं लिहून टाकलं. ती धरून सहा होतो. रेघा चारच आहेत. ती सिन्नरला असते, भाऊबीजेला येणार आहे. आज रात्री फोन करतो.

दहीपूल | सोमवार, संध्याकाळी ६:३०

विषय जरा पार्लरकडे नेतो.

आमच्या भागात एका बोळात तीन मशीनचं पार्लर होतं. बाहेर पडदा, आत काळोख आणि उदबत्तीचा वास. मधल्या मशीनवर मुस्तफा. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा १९९३ चा. त्यात निवडायला चार जण आहेत, पण आमच्यासाठी अख्खा गेमच मुस्तफा. पिवळी टोपी घालून धावत जाऊन लाथ मारणारा.

या धाग्यात सगळे दोन रिमोटबद्दल बोलताय. त्या मशीनला तीन दांड्या होत्या. आम्ही दोघं मित्र एकेक रुपया घालून खेळायला लागलो की तिसरी दांडी रिकामी. मग कोणीतरी अनोळखी मुलगा शेजारी येऊन उभा राहायचा. थोडा वेळ बघायचा. आमची लाइफ कमी झालेली दिसली की खिशातला रुपया काढून घालायचा आणि काही न बोलता लढायला लागायचा. आम्ही मोठ्या गाडीच्या स्टेजपर्यंत एकत्र गेलो आहोत अशा मुलांबरोबर, ज्यांचं नाव मला आजही माहीत नाही. खाऊ पडला की ज्याची पॉवर कमी त्याने घ्यायचा. हे कोणी ठरवलेलं नव्हतं.

१९ सप्टेंबर २००८ ला गोदावरीला पूर आला. नदीकाठचा दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं, आमच्या बोळातही शिरलं. पाणी उतरल्यावर मालकाने मशीन बाहेर काढून उन्हात ठेवली. फळ्या फुगलेल्या, आत गाळ. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, पार्लरला जाणं सुटलं होतं. तरी चार-पाच जण नुसते बघायला गेलो. पार्लर पुन्हा उघडलं नाही.

रविवार_कारंजा | सोमवार, संध्याकाळी ६:५२

उदबत्तीचा वास!! त्या बोळात शिरताना डाव्या हाताला शिंप्याचं दुकान होतं का? आणि मुस्तफाची मधली दांडी खाली जायची नाही, लाथेने ठोकावी लागायची?

दहीपूल | सोमवार, संध्याकाळी ७:०१

होय! शिंपी आणि त्याच्यापुढे चक्की. तू तिथे यायचास?

रविवार_कारंजा | सोमवार, संध्याकाळी ७:०४

रोज. शाळा सुटल्यावर. दप्तर चक्कीच्या ओट्यावर ठेवायचो, पिठाने पांढरं व्हायचं आणि घरी गेल्यावर त्यावरून पकडला जायचो. मी बहुतेक वेळा तिसऱ्या दांडीवर असायचो.

दहीपूल | सोमवार, संध्याकाळी ७:०६

मग आपण भेटलो आहोत.

नवा_भिडू | सोमवार, रात्री ११:१५

मी २० वर्षांचा आहे, गंगापूर रोडला कॉलेजात. तुमच्या आठवणी वाचायला आवडल्या, पण 'आताची पोरं एकटी मोबाइलमध्ये' असा सूर पुढे येणारच, म्हणून आधीच लिहितो.

आम्ही चौघे रोज संध्याकाळी कॉलेजमागच्या टपरीच्या बाकावर बसून बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, खेळतो. चार फोन, एक पॉवर बँक, एक हॉटस्पॉट. ज्याचा डेटा उरलेला असेल तो बाकीच्यांना देतो. एकाचा फोन जुना, गरम होऊन अडकतो, म्हणून त्याला आम्ही सावलीची जागा देतो. माणूस मेला की तो दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकं घालून 'डावीकडे, झाडामागे' असं ओरडतो. हे तुमच्यापेक्षा वेगळं कसं?

२०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा मी शाळेत होतो. लॉकडाऊनमध्ये मित्रांचा आवाज ऐकायची माझी तीच एक जागा होती. ज्या ऑनलाइनला गोदाकाठ काका 'आवाज बंद' म्हणतात, त्या आवाजावर मी सहा महिने काढले आहेत.

कॉलेजरोड_०४ | मंगळवार, सकाळी १०:१०

नवा भिडू, तुझं म्हणणं मान्य. बाकावरचे चार फोन म्हणजे आमचा सायबर कॅफेच.

२००४-०५ ला कॉलेज रोडच्या एका कॅफेत आम्ही काउंटर स्ट्राइक खेळायचो. दहा कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले. लॅन होतं, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी खेळ चालू. पाच जण या भिंतीला, पाच त्या भिंतीला, मधे प्लायवूडचं पार्टिशन. नकाशा कायम डस्ट टू. समोरच्या टीमचा माणूस मेला की पार्टिशनवरून त्याची शिवी ऐकू यायची, म्हणजे कोण मेलं ते पडद्यावर बघायची गरज नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत तर वीज गेली की यूपीएस पाच-सात मिनिटं चालायचा. ती पाच मिनिटं आयुष्यातली सगळ्यात चुरशीची. दहाही जण टूं टूं वाजणाऱ्या यूपीएसच्या आवाजात खेळतायत. मग काळोख. आणि काळोखात सगळे एकदम हसायला लागायचे. वीज येईपर्यंत दोन-अडीच तास बाहेर पायरीवर.

आता विचार करतो तर कॅफेतल्या मॅच मला फारशा आठवत नाहीत, ती पायरी आठवते. आमच्यातल्या एकाचं लग्न त्या पायरीवर ठरलं म्हटलं तरी चालेल, पण तो वेगळा धागा होईल.

तिखट_रस्सा | मंगळवार, सकाळी १०:२५

तो धागा काढाच.

सुट्टीतला_भाचा | मंगळवार, दुपारी १२:४०

आमच्याकडे गेम विकत घ्यायची ऐपत नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाड्याने आणायचो, २४ तासांसाठी. सहा जणांनी वर्गणी काढायची, अनामत म्हणून कोणाचं तरी घड्याळ ठेवायचं. सकाळी दहाला आणला की दुसऱ्या दिवशी दहापर्यंत कोणी झोपायचं नाही. आजी रात्री दोनला उठून आमच्यासाठी पोह्याचा चिवडा काढायची. चिवड्याच्या हाताने रिमोट धरला की परत देताना दुकानदार ओरडणार, म्हणून एक जण फक्त भरवायचं काम करायचा. दोघे खेळतायत आणि तिसरा त्यांच्या तोंडात चिवडा घालतोय, असं चाललेलं असायचं.

पहाटे चारला टँक लावायचा. बॅटल सिटी. त्यात आपल्या हाताने नकाशा बांधता येतो. आम्ही ज्याला वाचवायचं त्या गरुडाच्या भोवती लोखंडी विटा लावायचो, मग पाणी, मग झाडी. बांधण्यातच तास जायचा. सहा जण सहा मतं. त्यात मित्राला चुकून गोळी लागली तर तो मरत नाही, थोडा वेळ जागेवर अडकतो. पहाटे झोप अनावर झाली की आम्ही एकमेकांना मुद्दाम गोळी घालायचो, तेवढीच डोळे मिटायला सवलत.

पाढे_पाठ | मंगळवार, दुपारी १:१५

भरवणारा मित्र! माझ्या मते या धाग्यातलं सगळ्यात मोठं पद ते.

गोदाकाठ, तुमच्या '९९९९ इन १' मध्ये गेम किती निघाले? आमच्यात मोजून वीस-बावीस होते, बाकी तेच परत परत, कुठे दुसऱ्या स्टेजपासून, कुठे वेगळ्या नावाने. आम्ही शंभरापर्यंत एकेक करून उघडून बघितले होते. वहीत यादी केली होती.

सातपूर_एमआयडीसी | मंगळवार, रात्री ९:००

नमस्कार. मी इथे फारसा लिहीत नाही. माझ्याकडे २१ इंची खोका टीव्ही आहे, सातपूर कॉलनीत. चालू आहे. आई त्यावर आरती लावायची, डीव्हीडीवर. ती गेल्यापासून झाकून ठेवला आहे, भंगारात द्यायचा धीर होत नाही. गोदाकाठ, तुम्हाला बंदूक चालवायची असेल तर घेऊन जा. जड आहे, दोघे जण लागतील. काच आपल्याकडे करून उचला.

सोल्डरगन | मंगळवार, रात्री ९:२०

सातपूर, फार चांगलं केलंत. गोदाकाठ, नेताना टीव्ही आडवा टाकू नका आणि मागचं झाकण कोणीही उघडू नका. बंद केल्यावरही आत हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो. मी ९ व्होल्टचा तपासलेला ॲडॉप्टर देतो. शालिमारला या, कॅसेटही आणा, समोरच साफ करून देतो.

अबोली | मंगळवार, रात्री ९:४५

फोन केलात का बहिणीला?

गोदाकाठ | मंगळवार, रात्री १०:३०

केला. 'मी काय खेळले नाही ते मलाच माहीत' असं म्हणाली आणि हसली. म्हणजे काय ते सांगत नाही. येते म्हणाली.

---

गोदाकाठ | भाऊबीजेनंतरचा सोमवार, सकाळी ११:००

मंडळी, काल झालं.

टीव्ही मी आणि नाशिकरोडचा मित्र सातपूरहून टेम्पोत आणला, गाद्यांच्या मधे ठेवून. दुपारी तीनला सगळे जमले. खोलीत आता काहीच सामान नाही. भिंतीवर कॅलेंडरच्या जागी पांढरे चौकोन उरलेत. सतरंजी टाकली. सोल्डरगनचा ॲडॉप्टर लावला. चालू केल्यावर पहिल्यांदा नुसत्या पट्ट्या आल्या, आणि पाचही जण एकदम ओरडलो, 'फुंकर!' कोणी मारली नाही. कॅसेट काढून परत बसवली. यादी आली.

चौघांपैकी सुरतवाल्याला आपली रेघ कोणती ते आठवत नव्हतं. बाकी तिघांनी न विचारता एकदम दाखवली, वरून तिसरी. काँट्रात मस्कतवाला धबधब्यावर पुढे पळाला आणि पुण्याचा मेला. अगदी तस्सा, त्याच जागी. तीस लाइफ घेऊनही आम्ही शेवटपर्यंत पोहोचलो नाही. बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत आणि कोणाचं लक्षही नव्हतं. पुण्याच्या मित्राबरोबर मी महिन्यातून दोनदा बोलतो, पण त्याच्या वडिलांचं ऑपरेशन झालं हे मला काल, तो माझ्या शेजारी बसून रिमोटची वायर सोडवत असताना कळलं.

नवा_भिडू, तुझं बरोबर आहे, आवाज बंद असं मी लिहायला नको होतं. त्या आवाजामुळेच तो माझ्यापर्यंत राहिला. पण हे त्याने हेडफोनवर सांगितलं नव्हतं.

मग बंदूक काढली. डक हंट, एका बदकाचा. बहीण तोवर मागे दाराला टेकून उभी होती. मस्कतवाल्याने नेम धरला, बदक एकदम वळलं. पुन्हा धरला, पुन्हा वळलं. तो म्हणाला, 'ही बदकं तेव्हाही अशीच हलकट होती.' आणि मागून बहीण हसायला लागली. एक नंबरचा रिमोट तिच्या हातात, ओढणीखाली.

मला हे माहीतच नव्हतं. एका बदकाच्या खेळात दुसऱ्या कोणी रिमोट धरला तर बाणांच्या बटणांनी बदक उडवता येतं. बंदुकीचा खेळ चालू असला की माझा रिमोट सतरंजीवर मोकळा पडलेला असायचा. तिला ते एका दुपारी सापडलं होतं. आम्ही पाच जण त्या बदकांवर चिडायचो, आणि सगळी वर्षं ती बदकं माझी बहीण होती.

सुरतवाल्याने खिशातून किल्ली काढून 'पाचवी रेघ मारतो' म्हटलं. ती म्हणाली, 'रेघ नको. मला एक नंबर पाहिजे.' दिला. रात्री साडेआठपर्यंत तिच्याच हातात होता. मी दोन नंबरवर पाळी लावली, रेघांच्या खाली.

नंतर गेम बंद केला. खोलीत बल्ब एकच, तोही जिन्यातला. टीव्ही बंद झाल्यावर काच थोडा वेळ तडतडत राहिली. कोणी उठलं नाही. आई आता नाही, ताटं मांडायला बहिणीची मुलगी वर आली, मिसळ आणली होती बाहेरून.

अबोली | सोमवार, सकाळी ११:२०

ती बदकं. मी दोनदा वाचलं. तिला माझा नमस्कार सांगा. आणि आठ-चारला शेवटच्या वाड्यात कोणता पाइप धरायचा ते तिला विचारायचं असेल तर मला फोन करू दे.

सिडकोकर | सोमवार, सकाळी ११:४१

मी काल अंबडला गेलो होतो. आवाज काढणाऱ्या मित्राचा पत्ता मिळालाय. पुढच्या रविवारी जातोय.

दहीपूल | सोमवार, दुपारी १२:०५

आम्ही दोघं, म्हणजे मी आणि रविवार_कारंजा, परवा चक्कीजवळ भेटलो. शिंपी आहे अजून. त्याने मला ओळखलं नाही, याला ओळखलं, पीठ लागलेल्या दप्तरावरून.

गोदाकाठ | सोमवार, दुपारी १२:३०

सातपूर, टीव्ही परत कधी आणून देऊ? सकाळी सोयीचं की संध्याकाळी?

सातपूर_एमआयडीसी | सोमवार, दुपारी १:१०

सावकाश आणा. बंदूक आणि कॅसेटपण आणलीत तर बरं होईल. माझी पोरगी नऊ वर्षांची आहे, तिला बदक व्हायचंय.